३,८३१ मतांचा हिशेब

४ जून २०२४ रोजी धुळे लोकसभा मतदारसंघाची मतमोजणी पूर्ण झाली तेव्हा काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव यांच्या नावापुढे ५,८३,८६६ आणि भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन खासदार डॉ. सुभाष भामरे यांच्या नावापुढे ५,८०,०३५ मते होती. अंतर अवघे ३,८३१. हे आकडे निर्विवाद आहेत. वाद सुरू झाला तो या अंतराच्या कारणाविषयी. त्या वादात वृत्तवाहिन्या, वर्तमानपत्रे आणि घरोघरचे मोबाइल यांनी जे केले, ते खानदेशातील प्रत्येक मतदाराने एकदा शांतपणे तपासून पाहावे असे आहे.

निकालानंतर दोन कथा प्रचलित झाल्या. पहिल्या कथेनुसार धुळ्याचा निकाल एकट्या मालेगावने फिरवला. दुसरीनुसार तो कांद्याने फिरवला. ज्याला जी आवडली ती त्याने उचलली आणि पुढे पाठवली. दोन्ही कथांमधील आकडे आणि घटना खऱ्या होत्या. म्हणून तर त्या तपासण्याची कुणाला गरज वाटली नाही.

हा मतदारसंघ मुळात समजून घेतला पाहिजे. धुळे जिल्ह्यातील धुळे शहर, धुळे ग्रामीण आणि शिंदखेडा हे तीन विधानसभा मतदारसंघ, आणि नाशिक जिल्ह्यातील मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य व बागलाण हे तीन, अशी त्याची रचना आहे. धुळे जिल्ह्यातीलच साक्री आणि शिरपूर मात्र नंदुरबारला जोडलेले आहेत. म्हणजे ज्याला आपण सवयीने ‘धुळ्याचा निकाल’ म्हणतो, त्यात निम्मा वाटा नाशिक जिल्ह्याचा असतो.

आता पहिली कथा. मालेगाव मध्य या एका विधानसभा क्षेत्रात डॉ. बच्छाव यांना १,९८,८६९ आणि डॉ. भामरे यांना ४,५४२ मते मिळाली. फरक १,९४,३२७. उरलेल्या पाचही क्षेत्रांची बेरीज केली, त्यात टपाली मते धरली, तर डॉ. भामरे १,९०,४९६ मतांनी पुढे होते. एकातून दुसरा आकडा वजा केला की ३,८३१ उरतात. पुढे विधानसभेच्या प्रचाराच्या काळात देवेंद्र फडणवीस यांनी हाच दाखला देऊन ‘व्होट जिहाद’ असा शब्दप्रयोग केला आणि तो राज्यभर गाजला. वजाबाकी अचूक होती. वाहिन्यांनी ती पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवली आणि तेथेच थांबल्या.

बँकेत दिवसाअखेर रोकड जुळली नाही, तर शेवटी आलेल्या पावतीवर फरक टाकून घरी जाता येत नाही. सकाळपासूनची प्रत्येक नोंद उलगडावी लागते आणि कालच्या शिलकेपासून सुरुवात करावी लागते. धुळ्याची कालची शिल्लक म्हणजे २०१९ चा निकाल. त्या वर्षी डॉ. भामरे यांनी काँग्रेसचे कुणाल पाटील यांचा २,२९,२४३ मतांनी पराभव केला होता. मालेगाव मध्यमध्ये तेव्हाही काँग्रेसच पुढे होती. तरीही एकूण आघाडी सव्वादोन लाखांवर गेली, याचा अर्थ उरलेल्या पाच क्षेत्रांतील भाजपची आघाडी २,२९,२४३ पेक्षा निश्चितच अधिक होती. २०२४ मध्ये त्याच पाच क्षेत्रांतील आघाडी १,९०,४९६ वर आली. म्हणजे कमीत कमी ३८,७४७ मतांची घट. पराभवाच्या अंतराच्या दसपटीहून ही रक्कम मोठी आहे, आणि ती मालेगाव मध्यमध्ये झालेली नाही. धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा, बागलाण आणि मालेगाव बाह्य येथील, पाच वर्षांपूर्वी मोठ्या आघाडीने साथ देणाऱ्या मतदारांच्या अंगणात ती झाली आहे. पहिल्या कथेत ही नोंद कोठेच नव्हती.

आणखी एक नोंद अशीच दुर्लक्षित राहिली. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराने येथे सुमारे ३९ हजार मते घेतली होती. त्याही मागे, २००९ मध्ये, भाजपचे प्रताप सोनवणे काँग्रेसचे अमरीशभाई पटेल यांच्यापेक्षा १९,४१९ मतांनी पुढे राहिले, तेव्हा मालेगावचे ज्येष्ठ नेते निहाल अहमद यांनी जनता दलाकडून ७२ हजारांवर मते घेतली होती. २०२४ मध्ये वंचितने माजी पोलिस अधिकारी अब्दुर रहमान यांना उमेदवारी दिली. परंतु छाननीत त्यांचा अर्ज बाद झाला. तिसरा दमदार उमेदवार रिंगणात उरला नाही. छाननीच्या टेबलावर बाद झालेल्या अर्जाचे चित्रीकरण कोणत्या वाहिनीला हवे असणार? त्यात घोषणा नाहीत, गर्दी नाही. परंतु ३,८३१ च्या हिशेबात त्या कागदाचे वजन कदाचित एखाद्या मोठ्या सभेहून अधिक भरेल.

मतदारसंघातील एकूण मतदार वीस लाखांहून अधिक होते. मतदान साठ टक्क्यांच्या आसपास झाले. सुमारे आठ लाख मतदार घरीच राहिले, आणि त्यांच्या नावाने मात्र कोणी कथा रचली नाही.

दुसरी कथा कांद्याची. तिच्या मागे खरे दुःख होते, आणि माध्यमांचा दोष येथे वेगळ्या प्रकारचा होता. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य ठरवले, आणि ८ डिसेंबर रोजी निर्यात पूर्ण बंद केली. बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंत होती. ती संपण्याआधीच मुदत वाढवण्यात आली. बागलाण आणि मालेगाव तालुक्यांतील शेतकरी चाळीत कांदा ठेवून भावाची वाट पाहत होता. शहरातील ग्राहकाला स्वस्त कांदा हवा होता, हेही खरेच. सरकारने दोघांतून एकाची निवड केली होती.

एप्रिलच्या अखेरीस बातम्या झळकल्या की सहा देशांना ९९,१५० टन कांदा निर्यात करण्यास परवानगी मिळाली. अनेक ठिकाणी मथळे असे होते की जणू आज नवे दार उघडले. वस्तुतः बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका यांच्यासाठी आधीपासून टप्प्याटप्प्याने दिलेल्या परवानग्यांची ती मुख्यतः बेरीज होती. शासकीय पत्रकात खोटे काही नव्हते. मथळ्यातही शब्दशः खोटे नव्हते. परंतु आधीच मंजूर झालेल्या कर्जांची बेरीज करून ‘आज एवढे कर्ज मंजूर’ असा फलक शाखेच्या दारात लावला, तर खातेदाराने त्याला काय म्हणावे?

४ मे रोजी बंदी उठली. मथळा पुन्हा खरा होता. आतल्या ओळींत मात्र टनाला ५५० डॉलर किमान मूल्य आणि त्यावर ४० टक्के शुल्क कायम होते. व्यापाऱ्याने पाटीवर आकडे मांडले: ५५० आणि शुल्काचे २२०, मिळून ७७० डॉलर, तेही वाहतूक आणि पॅकिंग वगळून. सटाणा, उमराणे, मालेगावच्या बाजार समित्यांत हा हिशेब शेतकऱ्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. १५ मे रोजी पिंपळगाव बसवंत येथील पंतप्रधानांच्या सभेत गर्दीतून ‘कांद्यावर बोला’ अशी हाक आली. पाच दिवसांनी, २० मे रोजी, दिंडोरी, नाशिक आणि धुळे येथे मतदान झाले आणि तिन्ही जागा महायुतीने गमावल्या. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनीही कांद्याने रडवल्याची कबुली दिली. कांद्याचा परिणाम झाला नाही असे कोणीही म्हणू शकत नाही.

मग ही कथा तरी पूर्ण मानावी काय? तसे मानण्यापूर्वी धुळ्याहून नागपूरच्या दिशेने नव्वदएक किलोमीटर पुढे जळगावला जावे लागते. तेथील शेतकरी कापूस आणि केळीचा. २०२२ मध्ये कापसाने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला होता. त्या आठवणीवर पुढच्या हंगामांत कित्येकांनी कापूस घरातच ठेवला आणि भाव खाली येत गेले. २०२३-२४ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,०२० रुपये होता. हंगामात खासगी व्यापाऱ्यांचे भाव अनेकदा त्याखाली होते. अमळनेर तालुक्यातील पाडळसे धरणाचे काम दोन दशकांहून अधिक काळ रखडलेले होते. उमेदवारीवरून तेथे मोठी उलथापालथही झाली होती. भाजपचे खासदार उन्मेष पाटील तिकीट नाकारल्यानंतर शिवसेनेच्या ठाकरे गटात गेले आणि त्यांचे सहकारी करण पवार यांना त्या पक्षाने उमेदवारी दिली. नाराजीची सर्व सामग्री हजर असताना १३ मे रोजी मतदान झाले आणि भाजपच्या स्मिता वाघ अडीच लाखांहून अधिक मतांनी निवडून आल्या. शेजारच्या रावेरमध्ये रक्षा खडसे यांचे मताधिक्य पावणेतीन लाखांच्या जवळ होते.

शेतमालाचा भाव पडला की सत्ताधारी पडतो, असे सरळ सूत्र असते तर जळगाव आणि धुळे यांचे निकाल एका दिशेने गेले असते. कापसाची झळ कांद्यासारखी एका सरकारी आदेशाच्या तारखेला बांधलेली नव्हती, म्हणून राग तितका नेमका झाला नाही, असे एक स्पष्टीकरण देता येते. ते बरेच पटण्यासारखेही आहे. परंतु त्याने अडीच लाखांचे मताधिक्य समजत नाही. मतदार एका हाताने कापसाचा भाव तोलतो आणि दुसऱ्या हाताने देशाचे नेतृत्व, उमेदवाराचे गाव, नातेगोते, मिळालेले घरकुल आणि न मिळालेले पाणी तोलतो. कोणत्या पारड्यात त्याने शेवटी बोट ठेवले, हे पडद्यामागे घडते.

मतदारांच्या अग्रक्रमांविषयी विश्वासार्ह पाहणी उपलब्धच नव्हती, असेही नाही. दिल्लीच्या सीएसडीएस संस्थेच्या लोकनीती उपक्रमाने निवडणुकीपूर्वी देशभर विचारणा केली होती. आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणून २७ टक्के लोकांनी बेरोजगारी आणि २३ टक्के लोकांनी महागाई सांगितली. विकास १३ टक्के, राममंदिर ८ टक्के, भ्रष्टाचार ८ टक्के. म्हणजे निम्मा देश रोजगार आणि भाव यांविषयी बोलत होता. त्या दोन महिन्यांतील सायंकाळच्या चर्चा ज्यांनी पाहिल्या त्यांनी स्वतःच आठवून पाहावे की तेथे निम्मा वेळ या दोन विषयांना मिळत होता काय. २० मे रोजी महाराष्ट्रातील तेरा जागांसाठी मतदान होते. त्यांत मुंबईच्या सहा जागा होत्या, आणि दिवसभर पडद्यावर चित्रपट कलावंतांची शाई लावलेली बोटे दिसत राहिली. सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा सिंचन योजनेचे भूमिपूजन १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते धुळ्यात झाले होते. पाच वर्षांनी मतदान होताना ती पूर्ण झालेली नव्हती. शिंदखेड्याच्या शेतकऱ्याला त्याविषयी काय वाटते, हे विचारायला छायाचित्रकारांची गाडी त्या बाजूला वळली नाही. स्थानिक दैनिकांच्या आतल्या पानांवर हे विषय येत होते, हे त्यांच्या श्रेयासाठी नमूद केले पाहिजे. पण आतले पान वाचतो कोण?

माध्यमांचा पक्षपात हा आजचा किंवा एका पक्षाचा रोग नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या स्तुतीचे जवळजवळ एकसारखे मजकूर एकमेकांचे स्पर्धक असलेल्या मराठी दैनिकांत प्रसिद्ध झाले. पी. साईनाथ यांनी ते उजेडात आणले. निवडणूक खर्चाच्या हिशेबात वर्तमानपत्रे आणि केबल वाहिनी मिळून जाहिरातींचा खर्च दाखवला होता ११,३७९ रुपये! प्रकरण निवडणूक आयोगापर्यंत गेले, आयोगाने २०१४ मध्ये नोटीस काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या समितीने पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर सविस्तर अहवाल लिहिला, तोही आरंभी पूर्ण प्रसिद्ध होऊ शकला नाही. त्यानंतर जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणन समित्या आल्या. छापील जाहिरात त्या तपासू शकतात. कोणता प्रश्न विचारलाच गेला नाही, हे मोजण्याचे यंत्र कोणत्याही समितीकडे नाही.

आपल्या बाजारपेठेला याची किंमत एका दिवसात रोखीने समजली. १ जूनच्या सायंकाळी बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला प्रचंड बहुमत दाखवले. ३ जूनला मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक अडीच हजार अंशांनी चढला. ४ जूनला आघाडी २९३ वर आणि भाजप २४० वर थांबला, तेव्हा तो ४,३८९ अंशांनी कोसळला. त्या दिवशी सूचीबद्ध कंपन्यांचे बाजारमूल्य सुमारे ३१ लाख कोटी रुपयांनी घटले. पुढे काही दिवसांत बाजार सावरला. परंतु सोमवारी उंच भावाने घेऊन मंगळवारी भीतीने विकणारा लहान गुंतवणूकदार सावरला असेलच असे नाही. दाणा बाजारात किंवा सराफ कट्ट्यावर बसणारा माणूस मालाची प्रत पाहिल्याशिवाय सौदा करत नाही. त्याच माणसाने पडद्यावरच्या तक्त्यावर सौदा केला.

आकडा अर्धा देण्याची सवय केवळ वाहिन्यांचीच नव्हती. पहिल्या टप्प्याचे मतदान १९ एप्रिलला झाले आणि निवडणूक आयोगाचे अंतिम प्रमाण आले ३० एप्रिलला, तेही केवळ टक्क्यांत. मुद्दल न सांगता टक्का सांगणारे विवरणपत्र कोणता लेखापरीक्षक स्वीकारेल? पाच टप्प्यांची मतदारसंघनिहाय मतसंख्या आयोगाने अखेर २५ मे रोजी जाहीर केली. मधल्या पाच आठवड्यांत शंका आणि अफवा यांना जे मोकळे रान मिळाले, ते टाळता आले असते.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील न्यासापहार हा येथे आठवावा असा आहे. आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा अर्थ असा उलगडला आहे: ठेव ठेवणारा माणूस रक्कम विसरला, परत मागताना कमी आकडा बोलला, आणि सांभाळणाऱ्याने ‘होय, तेवढेच’ म्हणून तेवढेच दिले, तर सत्यव्रताला दोष लागतो. पेढी चालवणाऱ्या समाजाला हे उदाहरण फोडून सांगायला नको. ‘मालेगावने निकाल फिरवला’ हा संदेश पुढे पाठवताना बोट खोटे काहीच करत नाही. पाच क्षेत्रांतील ३८,७४७ ची ठेव मात्र त्याच्याकडे राहून जाते.

याचा हिशेब केवळ आध्यात्मिक नाही. धुळे आणि मालेगाव यांच्यात मुंबई-आग्रा महामार्गावरचे जेमतेम पन्नास किलोमीटर अंतर आहे. मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. सूत, कापड, किराणा, औषधे, सुटे भाग यांची उधारी दोन्ही बाजूंनी चालते आणि ती बव्हंशी शब्दावर चालते. निवडणूक पाच वर्षांनी येते, वसुली दर महिन्याला. ज्याच्या नावाने सकाळी समूहात संदेश फिरवला, त्याच्याच दुकानी दुपारी बिल घेऊन जायचे असते. नव्या पिढीतील मुलांना या संबंधांची उंची माहीत नाही. त्यांच्या दृष्टीने मालेगाव म्हणजे मोबाइलवर पाहिलेला एक आकडा आहे.

तो आकडा सहा महिन्यांत कसा बदलला हेही पाहण्यासारखे आहे. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी मतदान झाले. धुळे जिल्ह्यातील पाचही आणि जळगाव जिल्ह्यातील अकराही जागा महायुतीने जिंकल्या. जूनमध्ये ज्यांची आघाडी घटली होती त्यांना नोव्हेंबरमध्ये भरभरून मिळाले. आणि ज्या मालेगाव मध्यचे वर्णन एकगठ्ठा, एका हुकमाने चालणारे गाव असे केले गेले होते, तेथे दोन स्थानिक उमेदवारांत मते जवळजवळ बरोबर दुभंगली. मुफ्ती मोहम्मद इस्माईल यांना १,०९,६५३ आणि माजी आमदार आसिफ शेख यांना १,०९,४९१. अंतर १६२ मतांचे. लोकसभेला एकत्र आलेले मतदार गावच्या प्रश्नावर आपसांत अटीतटीने भांडले, जसे ते अमळनेरला किंवा चाळीसगावला भांडतात. जूनच्या कथेला नोव्हेंबरचा हा आकडा जोडून सांगणारा संदेश मात्र क्वचितच कोणाच्या मोबाइलवर आला असेल.

निवडणूक निर्णय अधिकारी प्रत्येक मतदान केंद्राची उमेदवारनिहाय मते नमुना २० मध्ये नोंदवतात आणि तो तक्ता मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर पाहता येतो. आपल्या गल्लीतील शाळेत, आपण ज्या खोलीत रांगेत उभे होतो त्या केंद्रावर कोणाला किती मते पडली, ते त्यात आहे. गेल्या निवडणुकीचा तक्ता शेजारी ठेवला की कोठे वाढ झाली, कोठे घट झाली, ते दिसते. एका रविवारच्या दुपारी, घरातल्या प्रथमच मतदान केलेल्या मुलामुलीला बरोबर घेऊन, तासाभरात होण्यासारखे हे काम आहे.